भिकार कार्टूनातला हात

चांगलं कार्टून कुणीही बघेल, त्यात काय मोठंसं? भिकार कार्टून शेवटपर्यंत बघायला छाती लागते, आणि ती माझ्याकडे आहे. बँकेत मला लोक कर्ज विभागातल्या बकुळ मॅडम म्हणून ओळखतात, पण मला खरं ओळखतो तो काशीतल्या दुर्गाघाटाच्या गल्लीतला सीडीवाला दिनानाथ. काही रद्दड आलं की तो माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतो. "दीदी, ई तो एकदम कूड़ा है, आपके लिए रखे हैं," असं चारचौघांत ओरडून सांगतो, आणि मी मान ताठ ठेवून ते विकत घेते. लाज कसली? कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, मी हे जमवते.

काय काय बघितलंय म्हणून सांगू! एका चित्रपटात हरीण पळता पळता पाच पायांचं होतं आणि झाडामागून परत चार पायांवर बाहेर येतं. एकात अख्ख्या गावाला एकच चेहरा. बायकांनाही तोच, फक्त मिशी पुसलेली, आणि त्यातल्या एकीची पुसायची राहून गेलेली. एका परदेशी कार्टूनाच्या हिंदी रूपात आई, बाप, मुलगी आणि घोडा या सगळ्यांना एकाच माणसाचा आवाज होता, आणि त्या माणसाला त्या दिवशी सर्दी झाली होती. एकात तर समुद्र घुसळणाऱ्या देवांच्या मुठींतून साप आरपार निघून जायचा आणि देव आपले नुसतीच हवा ओढत बसायचे. मी हसून हसून पोट धरते. माझी एकच अट असते. करणाऱ्यानं मनापासून केलेलं असावं. मुद्दाम वाईट केलेलं मला चालत नाही, ते नुसतं वाईट असतं.

हे वेड कशानं लागलं असं विचाराल तर आमच्या घरामुळे. माझ्या वडिलांना, दत्तात्रेयगुरुजींना, रामघाटावर सगळे ओळखतात. शुक्ल यजुर्वेद त्यांना मुखोद्गत, आणि आमच्या माडीवरच्या ओसरीवर पन्नास एक वर्षं त्यांनी मुलांना तो शिकवला. आमच्या घरात चूक म्हणजे पाप. एखाद्या मुलाचा स्वर जरा घसरला की बाबा नुसते बघायचे, आणि तो मुलगा तर राहोच, आत माझी आई फोडणी देता देता दचकायची. मी लहानपणी पाढे म्हणतानासुद्धा घाबरत असे. अशा घरात वाढलेल्या माणसाला पाच पायांचं हरीण दिसतं, आणि कुणी रागावत नाही, कुणी 'परत म्हण' म्हणत नाही, हरीण आपलं मजेत पळत राहतं, तेव्हा जिवाला केवढा गारवा वाटतो! आई गेल्यावर तर मी उघड उघड बघायला लागले. बाबा त्या खोलीला 'भुताटकी' म्हणायचे आणि तिकडे फिरकायचे नाहीत.

मग दोन हजार दहाच्या माघात बाबांना अर्धांगाचा झटका आला. हलकाच होता. डावा पाय जरा ओढत राहिला, वाचा महिन्याभरात परत आली. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. बरं वाटल्यावर बाबा पहाटे पाठाला बसले आणि म्हणता म्हणता एका जागी थांबले. मागून सुरुवात केली, परत तिथेच अडले. रोजचाच पाठ, झोपेत म्हणतील असा. त्या दिवशी ते आसनावरून उठले आणि त्यांनी म्हणणं बंद केलं. अख्खंच.

"चुकीचं म्हणण्यापेक्षा न म्हटलेलं बरं," एवढंच बोलले.

पुस्तक पुढे ठेवलं तर म्हणाले, "पुस्तकात बघून म्हणणारा आणि उष्टं खाणारा सारखाच." उज्जैनला काशीनाथ असतो, त्यांचा लाडका शिष्य. तो म्हणाला, गुरुजी, फोनवर म्हणा, मी ऐकतो, चूक सांगतो. बाबांनी फोन माझ्या हातात दिला. "फोनवर हात दिसत नाही," म्हणाले.

हे जरा उलगडून सांगायला हवं. आमच्या शाखेत वेद नुसता तोंडानं म्हणत नाहीत, हातानंही म्हणतात. स्वर वर गेला की उजवा हात वर, खाली आला की खाली, आणि काही ठिकाणी आडवा. तोंड आणि हात एकत्र चालले पाहिजेत. तोंड बरोबर आणि हात चुकला तर ती चूकच. म्हणून समोर माणूस लागतं, जाणतं, डोळे उघडे ठेवून बसणारं. बाबांची शिकवलेली पोरं कुणी नाशिकला, कुणी उज्जैनला, एक तर अमेरिकेत देवळात. काशीत एकही नाही. आणि मी? पन्नाशीला टेकले त्या ओसरीशेजारी, पण ते सगळं माझ्या कानावरून गेलं. मुलींना ते शिकवत नाहीत, मग ऐकून करायचं काय? बाबा अडले तेव्हा मी दारात चहा घेऊन उभी होते, आणि पुढचं अक्षर मला सांगता येईना.

बाबा गप्प झाले ते झालेच. जेवण अर्ध्यावर, बोलणं हं-हूं. सरळच सांगते, पाठ सुटलेले बाबा फार दिवस काढतील असं मला वाटत नव्हतं. मला भीती वाटत होती, आणि ती विसरायला मी आणखी आणखी भिकार कार्टूनं बघत होते.

त्यातच एका रविवारी दिनानाथनं 'तपोवन का मायावी कछुआ' दिलं. "एकर ऊपर कुछ नाहीं," म्हणाला, म्हणजे याच्या वरचढ काही नाही. आणि गडी खोटं बोलला नव्हता! आश्रमातली गाय चालताना पाय हलवायची नाही, नुसती घरंगळत जायची. मायावी कासव बोलताना तोंड मिटलेलं, आणि बोलून झालं की तोंड हलायला सुरुवात. गंगा डोंगरावर चढत होती. मी मनात ठरवूनच टाकलं, आजवरचं सगळ्यात वाईट हेच, आता मरेपर्यंत बघायला नको.

मग आले ऋषी. कासवाचा शाप उतरवायला म्हणून मंत्र म्हणायला बसले. दाढी हनुवटीपासून चार बोटं लांब, हवेत. आवाज कुणा जाडजूड माणसाचा, आणि मंत्र म्हणजे 'ओम भटाम फटाम' असलं काहीतरी. मी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

ऋषींचा हात.

ऋषींचं बाकी सगळं लाकडाचं होतं, पण हात जिवंत होता. वर, खाली, आडवा, परत खाली. ठेहराव घेत, वजन देत. आणि करंगळी वाकडी.

ही करंगळी आमच्या घरची. तरुणपणी बाबांचं बोट नावेच्या साखळीत सापडलं, हाड जुळलं ते वाकडंच. तेव्हापासून पाठ म्हणताना त्यांची चार बोटं एका दिशेला आणि करंगळी आत. आता गंमत अशी, की शिकणाऱ्या मुलांना वाटलं हाताची ठेवणच तशी असते! गुरुजी करतील तसं करायचं, विचारायचं नाही. पिढ्यान् पिढ्या पोरांनी धडधाकट करंगळ्या वाकवल्या. काशीनाथ पुण्याला परीक्षेला गेला तर परीक्षकांनी विचारलं, ही करंगळी कुठल्या शाखेची? काशीनाथ छातीठोकपणे म्हणाला, काशीची. बाबांना कळलं तेव्हा उशीर झाला होता, आणि मला वाटतं मनातून ते खूशही झाले होते. सांगायचं ते हे, की जगात अशी करंगळी वाकवणारे सगळे आमच्या ओसरीवरून गेलेले.

आणि ही असल्या टुकार कार्टूनात आली कुठून?

मी चित्र थांबवलं, मागे नेलं, परत लावलं. मग बाबांना हाक मारली.

"त्या भुताटकीत? मी नाही येणार."

"एक मिनिट या बाबा. परत कधी बोलावणार नाही, शपथ."

काठी टेकत आले. उभ्यानेच बघितलं. "जानवं उजव्या खांद्यावर," ते म्हणाले. "श्राद्ध चाललंय का कुणाचं?"

"जानवं राहू द्या. हात बघा."

त्यांनी हात बघितला. मग खुर्ची ओढून बसले. "आवाज बंद कर तो," म्हणाले. मी बंद केला. "मागे ने." मी मागे नेलं. ऋषींचा हात चालू लागला तशी बाबांची काठी खाली पडली, त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला आणि ओठ हलायला लागले. कित्येक महिन्यांनी! पुटपुटत होते, पण म्हणत होते.

"हा म्हणतोय," बाबा म्हणाले. "बकुळे, हा खरोखर म्हणतोय. माझाच सकाळचा पाठ. मधूनच उचललाय, पण बरोबर म्हणतोय, एक स्वर इकडचा तिकडे नाही. पुढे?"

"पुढे राक्षस येतो."

"राक्षस मेला खड्ड्यात! हाताचं पुढे काय?"

पुढे काही नव्हतं. किती वेळा ते मागेपुढे केलं कुणास ठाऊक. दर वेळी बाबा हाताबरोबर चालत यायचे, आणि ज्या जागेला ते अडत होते नेमक्या तिच्या तोंडाशी ढुम्म करून राक्षस उडी मारायचा. शेवटी बाबांनी कपाळाला हात लावला.

"माझा विद्यार्थी आहे हा," ते म्हणाले. "कोण ते शोधून काढ."

मी पहिल्यांदा काशीनाथला फोन केला. तो म्हणाला, "मी? कार्टूनात? बकुळताई, मला मोबाइलवर गजर लावता येत नाही." मग त्यानेच ओळखीच्या सगळ्या गुरुबंधूंना विचारलं. कुणीच नाही. मग मी सीडीच्या वेष्टनावरचा दिल्लीकडचा नंबर फिरवला. जो गृहस्थ बोलला त्याला वाटलं मी तक्रार करतेय.

"मैडम, पैसा वापस नहीं होगा. पाँच साल पुरानी पिक्चर है."

"मला पैसे नको आहेत," मी हिंदीत म्हटलं, "मला त्या ऋषींच्या हाताबद्दल विचारायचंय."

"हाथ में क्या खराबी है?"

"काहीच खराबी नाही. म्हणून तर विचारतेय."

त्या चित्रपटाची स्तुती त्यानं आयुष्यात प्रथमच ऐकली असावी. मग विरघळला. म्हणाला, हात सगळे एका मैडमने केले होते, त्यांचं कामच ते होतं, आता त्या लखनौला असतात. नंबर दिला, आणि म्हणाला, फोन मत कीजिएगा, मैसेज कीजिएगा, वो सुन नहीं पातीं.

सुन नहीं पातीं! ज्याला ऐकूच येत नाही त्याला पाठ येणार कसा? मनात नुसते प्रश्नांचे डोंगर. मी निरोप पाठवला: मी रामघाटावरच्या दत्तात्रेयगुरुजींची मुलगी, कार्टूनातला हात तुम्ही काढला का? क्षणभरात उत्तर आलं, हिंदीत.

"हाथ मेरा है. होंठ किसी और ने बनाए थे."

खाली नाव होतं, सुरेखा.

नाव वाचलं आणि मला समोरच्या घरातली ती पोर आठवली. श्रीराम म्हणून रेल्वेत कारकून होते, आपलीच मराठी माणसं, समोर वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची. त्यांची मुलगी जन्मतः बहिरी. शाळा नाही, सोबती नाही. आई कामाला लागली की तिला खिडकीत बसवून ठेवायची, सबंध सकाळ. मी बँकेत जाताना खालून हात हलवायचे, ती कधी उत्तर द्यायची नाही, तिचं लक्ष आमच्या ओसरीवर असायचं. दहा-अकरा वर्षांची झाली तेव्हा अशा मुलांच्या शाळेसाठी तिच्या वडिलांनी लखनौला बदली मागून घेतली. तेव्हापासून आमचा त्यांचा काही संबंध नव्हता.

मी तिला बाबांचं सगळं लिहिलं. ती म्हणाली, येते.

इकडे बाबांचं काय वर्णन करू! संध्याकाळी मी बँकेतून आले की जिन्यातच विचारायचे, "लागला पत्ता?" दोन घास जास्त जेवायला लागले होते. पत्ता लागल्यावर मी फक्त एवढंच म्हटलं, माणूस रविवारी सकाळी येतंय. मुलगी आहे, तिला ऐकू येत नाही, यातलं अवाक्षर काढलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी येऊच दिलं नसतं. मी काय त्यांना ओळखत नाही?

रविवारी बाबा स्नान करून, धूतवस्त्र नेसून, आसनावर बसले होते. समोर दुसरं आसन मांडून ठेवलेलं. सुरेखा आली. तिशी ओलांडलेली, सलवार-कुर्ता, पाठीला पिशवी, वर आल्यावर दाराशी चप्पल काढून तिनं ओसरीकडे असं बघितलं की मलाच भरून आलं. पुढे होऊन तिनं बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

बाबांनी आशीर्वाद दिला आणि तिच्या मागे दाराकडे बघितलं. "यजमान मागून येतायत का हिचे?"

"यजमान नाहीत, बाबा. हीच ती. समोरच्या श्रीरामांची सुरेखा. तो हात हिनं काढलाय."

"ती मुकी पोर?"

"बहिरी. आणि पोर नाही आता."

बाबांचा चेहरा पडला, म्हणजे अगदी डोळ्यांदेखत पडला. मग राग चढला. "तू माझी थट्टा मांडलीस," ते मला म्हणाले. "बाईमाणूस, त्यात ऐकू येत नाही. ही माझ्या चुका पकडणार? जिला ध्वनी म्हणजे काय ते ठाऊक नाही, ती? अडला हरी—"

"म्हण पुरी करू नका!" मी ओरडले. आयुष्यात प्रथमच मी बाबांवर ओरडले, आणि मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. "गाढव कुणाला म्हणताय? लखनौहून आलीय ती तुमच्यासाठी, स्वतःच्या तिकिटानं. तुमचे ते मोठमोठे विद्यार्थी आले का?"

बाबांनी तोंड फिरवलं. सुरेखाला शब्द कळले नाहीत, पण माणसाचं फिरवलेलं तोंड कळायला कान कशाला लागतात? ती खाली बसली, त्या आसनावर नव्हे, बाजूला फरशीवर. मोबाइल काढून बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं. मी वाचलं आणि मला मोठ्यानं वाचवेना. पण वाचलं.

"ती लिहितेय," मी म्हटलं, "लहानपणी माझ्याशी सगळे तोंड हलवून बोलायचे, मला काहीच कळायचं नाही. एक गुरुजी तेवढे हातानं बोलायचे. रोज सकाळी, इतका वेळ. मला वाटायचं ते माझ्याशीच बोलतायत. मी सगळं लक्षात ठेवलं, कारण मोठी झाल्यावर मला त्यांना उत्तर द्यायचं होतं."

बाबांनी मान वळवली नाही. खाली गल्लीत कुणीतरी गाईला हाकलत होतं.

मग बाबा म्हणाले, "तिला सांग, आसनावर बस म्हणावं."

मी खूण केली. ती आसनावर बसली, मांडी घालून, बाबांच्या अगदी समोर. बाबांनी पाण्यानं डोळे पुसले, आचमन केलं, आणि सुरुवात केली.

आवाज आधी कापरा होता. मग लागला. काय सांगू, आमच्या भिंतीसुद्धा विसरल्या असतील तो आवाज! उजवा हात चालत होता, करंगळी आत. सुरेखाचे डोळे त्या हातावर असे खिळलेले की पापणी हलेना. एका ठिकाणी तिनं तळवा वर करून त्यांना थांबवलं. बाबा चपापले. तिनं हात आडवा करून दाखवला. बाबांनी तो स्वर मनात उजळून बघितला, आणि त्यांचा चेहरा बदलला. "हो," म्हणाले. "झटक्यानंतर ढिलाई आली हाताला. बरोबर आहे तिचं." आणि मागून धरून परत म्हटलं, हात आडवा नेऊन.

मग ती जागा आली. मला ती आता कार्टूनामुळे पाठ झाली होती, इथे राक्षस उडी मारतो. बाबांचा आवाज तिथे येऊन थांबला. हात हवेतच राहिला. त्यांनी डोळे मिटले, उघडले. मागे गेले, परत आले, परत अडले. त्यांच्या कपाळावर घाम आला आणि मला वाटलं, उगाच केलं हे सगळं, आता हे उठतील आणि परत कधी बसायचे नाहीत.

सुरेखानं हात उचलला.

वर. खाली, तिथेच जरा थांबून. परत वर, आणि मग लांब आडवा. तिच्या हाताला आवाज नव्हता, पण ठेहराव होता, वजन होतं, तिनं सरळ असलेली स्वतःची करंगळी आत वाकवलेली होती. बाबा त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांचा हात तिच्या हातामागून निघाला, वर, खाली, थांबून, परत वर. मोकळाच, शब्दांशिवाय. तिनं पुन्हा पहिल्यापासून तसाच करून दाखवला. त्यांचा पुन्हा मागून गेला. आणि या खेपेला हात आडवा जाता जाता बाबांच्या तोंडातून शब्द बाहेर पडले, सगळे, एकाला एक धरून, जसे काही त्या हाताच्याच मागे लपून बसले होते.

मी रडत होते. बाबा रडत नव्हते, ते एकाग्र होते. ते वाक्य पूर्ण म्हणून झालं, आणि मला वाटलं आता ते पुढे जातील. ते गेले नाहीत. त्यांनी तेच वाक्य परत एकदा म्हटलं, स्वच्छ, हातासकट.

कशासाठी ते मला लगेच कळलं. कधी शिकवलं नसलं तरी एवढं आमच्या घरात जन्मलेल्या कुणालाही कळतं. संथा घेताना गुरू एकदा सांगतो आणि शिष्य दोनदा म्हणतो.

सुरेखा त्यांचं दुसऱ्यांदा म्हणून होईपर्यंत थांबली होती. लहानपणी खिडकीतून तिनं मुलांचे हातही बघितलेच असणार. बाबांचा हात मांडीवर आल्यावर तिनं मान हलवली आणि पुढच्या वाक्यासाठी आपला हात वर नेला.

मी उठून जिन्याचं दार लावून घेतलं, मध्येच कुणी यायला नको म्हणून.